मुलं कोणाच्या रिटर्नवर? आयआरएस रात्री मोजतं

इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो.

न्यू जर्सीत २०२३ मध्ये घटस्फोट झाला. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चौदा. मुलं तुमच्याकडे राहतात. दर बुधवारची रात्र, एकाआड एक वीकेंडच्या शुक्रवार-शनिवारच्या रात्री आणि उन्हाळ्यातले तीन आठवडे ती बाबांकडे असतात. करारनाम्यात लिहिलंय की सम वर्षी मुलं आईने क्लेम करायची (म्हणजे आपल्या रिटर्नवर डिपेंडंट, अवलंबून असलेली, म्हणून दाखवायची) आणि विषम वर्षी बाबांनी, ‘३१ डिसेंबरला चाईल्ड सपोर्ट थकलेला नसेल तर’. तुम्ही २०२५ चं रिटर्न ई-फाइल केलंत आणि ते लगेच परत आलं, कारण दोन्ही मुलांचे सोशल सिक्युरिटी नंबर आधीच दुसऱ्या रिटर्नवर लागलेले होते. बाबांनी मुलं तर घेतलीच, शिवाय हेड ऑफ हाऊसहोल्ड (एकट्याने मुलासह घर चालवणाऱ्याचा, कमी कर लागणारा दर्जा) म्हणूनही फाइल केलं. फॉर्म ८३३२ वर (मुलांचा क्लेम दुसऱ्या पालकाला सोडून देण्याचा फॉर्म) तुम्ही सही केलेली नाही. त्यांचा नोव्हेंबरचा सपोर्ट जानेवारीत आला. तुमचा पगार ७८ हजार डॉलर, त्यांचा २ लाख ३५ हजार. त्यात उन्हाळ्यात मुलं सहा आठवडे पुण्याला तुमच्या आईवडिलांकडे होती आणि ‘त्या रात्री तुझ्या नाहीतच’ असं त्यांचं म्हणणं आहे. मग बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंय.

आयआरएसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्यापुढे, तुम्ही बरोबर आहात. फॅमिली कोर्टापुढे काय होईल, ते करारनाम्यातल्या त्या ‘तर’वर अवलंबून आहे. मी एन्रोल्ड एजंट (आयआरएसची मान्यता असलेला कर सल्लागार) आहे, वकील नाही. त्यामुळे कोर्टाच्या बाजूबद्दल जे लिहितो ते तुमच्या वकिलाकडून तपासून घ्या. कराची बाजू मात्र पूर्ण सांगतो.

पहिली गोष्ट समजून घ्या. आयआरएस तुमचा करारनामा वाचत नाही. न्यायाधीशांनी सही केलेली असो, शिक्का असो, ‘बाबांनी विषम वर्षी क्लेम करावं’ हे वाक्य ठळक अक्षरात असो, आयआरएसला ते बंधनकारक नाही. कोर्टाचा हुकूम तुम्हा दोघांना बांधतो. आयआरएस बघतं संघराज्याच्या कर कायद्याचं कलम १५२, आणि त्यात कस्टोडियल पालक म्हणजे ज्याच्याकडे मूल वर्षात जास्त रात्री झोपलं तो. नॉन-कस्टोडियल पालकाला मूल क्लेम करायचं असेल, तर कस्टोडियल पालकाने सही केलेला फॉर्म ८३३२ त्याच्या रिटर्नला जोडावा लागतो. १९८५ ते २००८ या काळातल्या हुकूमनाम्यांची ठरावीक पानं काही अटींवर फॉर्मऐवजी जोडता येत. २००८ नंतरच्या घटस्फोटांना ती सोय नाही. तुमचा २०२३ चा आहे. फॉर्म नाही, तर क्लेम नाही.

हे असं का, याला इतिहास आहे. १९८४ पर्यंत हा वाद ‘मुलावर जास्त खर्च कोणी केला’ यावर चालायचा. दोघंही पावत्यांची पोती घेऊन यायचे आणि कराधिकाऱ्यांना नवरा-बायकोच्या भांडणात पंच म्हणून बसावं लागायचं. काँग्रेसने १९८४ मध्ये कायदा बदलून सरळ करून टाकलं: मूल ज्याच्याकडे, क्लेम त्याचा, आणि त्याने लेखी सोडला तरच दुसऱ्याचा. म्हणून ‘मी महिन्याला एवढा सपोर्ट देतो, मग मुलं माझ्या रिटर्नवर का नाहीत?’ या प्रश्नाला, तो कितीही रास्त वाटला तरी, कर कायद्यात जागा नाही. चाईल्ड सपोर्ट देणाऱ्याला वजावट मिळत नाही आणि घेणाऱ्याला त्यावर कर लागत नाही. २०१८ नंतरच्या घटस्फोटांत पोटगीचंही तेच.

आता रात्रींचा हिशोब. तुमचं वेळापत्रक पाहता बुधवारच्या ५२, वीकेंडच्या ५२ आणि उन्हाळ्यातल्या तीन आठवड्यांची भर, त्यातल्या काही एकमेकींवर पडतात. बाबांकडे साधारण १२० रात्री होतात. तुमच्याकडे २४० च्या वर. यात वादाला जागा नाही, पुण्याचा मुद्दा धरूनही नाही. पण तो मुद्दा आपल्या लोकांत दरवर्षी निघतो, म्हणून नीट सांगतो.

नियम असा आहे की मूल पालकाच्या घरी झोपलं तर ती रात्र त्या पालकाची, पालक स्वतः त्या रात्री घरी असो वा नसो. मूल घराबाहेर पण पालकाबरोबर असेल, सुट्टीवर, नातेवाइकांकडे, हॉटेलात, तरी ती रात्र त्याच पालकाची. म्हणजे पहिले दोन आठवडे तुम्ही मुलांबरोबर पुण्यात होतात, त्या रात्री सरळ तुमच्या. नंतरचे चार आठवडे मुलं एकटी आजी-आजोबांकडे होती. अशा रात्री कुठल्याच पालकाकडे नसतात, तेव्हा आयआरएस विचारतं: मूल बाहेर नसतं तर वेळापत्रकाप्रमाणे त्या रात्री कोणाकडे असतं? त्याप्रमाणे चार बुधवार आणि दोन वीकेंडच्या चार रात्री मिळून आठ रात्री बाबांच्या खात्यात जातील, उरलेल्या वीस तुमच्या. ‘पुण्यातल्या रात्री कोणाच्याच नाहीत’ हे त्यांचं म्हणणं चूक, आणि ‘माझ्या आईकडे होती म्हणून सगळ्या माझ्या’ असं तुम्ही म्हणालात तर तेही चूक. समर कॅम्पला किंवा मैत्रिणीकडे राहायला गेलेल्या रात्रींनाही हाच हिशोब.

३१ डिसेंबरची रात्र जिथे सुरू होते त्या वर्षात मोजतात. ३६५ दिवसांच्या वर्षात दोघांकडे समसमान रात्री सहसा येत नाहीत, एकाकडे १८३ आणि दुसऱ्याकडे १८२ होतात. २०२४ लीप वर्ष होतं, ३६६ रात्री, आणि आठवडा-आठवडा वाटून घेणाऱ्या घरांत १८३-१८३ असा सामना खरोखर झाला असणार. तसं झालं तर ज्याचं ॲडजस्टेड ग्रॉस इन्कम (ठरावीक वजावटींनंतरचं एकूण उत्पन्न) जास्त तो कस्टोडियल पालक धरला जातो, म्हणजे नेमका कमी कमावणारा हरतो. आठवडा-आठवडा वाटणी असलेल्यांनी २०२८ येण्याआधी कॅलेंडरकडे बघून ठेवावं. रात्रपाळी करणाऱ्या पालकांना, उदाहरणार्थ हॉस्पिटलमधल्या नर्सना, रात्रींऐवजी दिवस मोजून मिळतात. त्यांच्या बाबतीत शाळेच्या दिवशी मूल शाळेत नोंदवलेल्या मुख्य घरी राहिलं असं धरतात.

शाळेतला पत्ता पुराव्यासाठी सगळ्यांनाच महत्त्वाचा आहे. चांगल्या शाळेसाठी मुलांची नावं ज्या पालकाचं घर एडिसनमध्ये किंवा वेस्ट विंडसरमध्ये आहे त्याच्या पत्त्यावर लावलेली असतात आणि मुलं झोपतात दुसरीकडे. उद्या आयआरएसने कागद मागितले की शाळेचं पत्र तुमच्याच विरुद्ध बोलतं. तुमच्या बाबतीत तसं नसावं अशी आशा आहे, पण आजच तपासा.

इतकं सगळं झाल्यावरही तुमच्या प्रश्नातली सर्वांत मोठी रक्कम ज्या ठिकाणी आहे तिकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. ‘मुलं क्लेम करणं’ ही एक गोष्ट नाही. त्यात पाच-सहा वेगवेगळ्या सवलती आहेत, आणि फॉर्म ८३३२ वर सही केली तरी त्यातल्या बऱ्याच जागच्या हलत नाहीत. सहीने बाबांकडे जातं ते चाईल्ड टॅक्स क्रेडिट, २०२५ साठी १७ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे २,२०० डॉलर, किंवा मूल त्यात बसत नसेल तर इतर डिपेंडंटसाठीचं ५०० डॉलरचं क्रेडिट. कॉलेजची क्रेडिट्सही मूल ज्याच्या रिटर्नवर डिपेंडंट आहे त्यालाच मिळतात. सही करूनही तुमच्याकडेच राहतं ते हेड ऑफ हाऊसहोल्ड, पाळणाघर-आफ्टरकेअरचं क्रेडिट, आणि उत्पन्न कमी असेल तर अर्न्ड इन्कम क्रेडिट. ते शेवटचं तुमच्या पगाराला लागू नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाला लागू असेल तर ती रक्कम या सगळ्यांपेक्षा मोठी असू शकते आणि ती कुठल्याही करारनाम्याने दुसऱ्याला देता येत नाही.

आता आकडे. तुम्ही ७८ हजारांवर सिंगल म्हणून फाइल केलंत तर कर सुमारे ८,६०० डॉलर. हेड ऑफ हाऊसहोल्ड म्हणून केलंत तर २०२५ ची स्टँडर्ड वजावट १५,७५० ऐवजी २३,६२५ मिळते, टप्पेही रुंद होतात, आणि कर सुमारे ६,२०० वर येतो. म्हणजे जवळपास २,४०० डॉलरचा फरक फक्त या एका चौकटीत खूण केल्यामुळे, आणि बाबांना मुलं दिलीत तरी तो तुमचाच. अट एवढीच की ३१ डिसेंबरला तुम्ही अविवाहित असाल, घरखर्चाचा अर्ध्याहून अधिक भाग तुम्ही उचलला असेल आणि मूल अर्ध्या वर्षापेक्षा जास्त तुमच्या घरी राहिलं असेल.

बाबांकडे बघा. २ लाख ३५ हजारांवर त्यांनी हेड ऑफ हाऊसहोल्ड लावून सुमारे ४,२५० डॉलर कर वाचवलाय. त्यांना ते कुठल्याच मार्गाने मिळत नाही. करारनामा त्यांच्या बाजूने असला, तुम्ही ८३३२ वर सही केलीत, सपोर्ट वेळेवर भरला, काहीही झालं तरी नाही, कारण एकही मूल त्यांच्याकडे अर्ध्या वर्षापेक्षा जास्त राहिलेलं नाही. उलट चाईल्ड टॅक्स क्रेडिट, ज्यावर तुम्ही दोघं भांडताय, त्यांच्या हातात आधीच आटलेलं आहे. एकट्याने फाइल करणाऱ्याचं उत्पन्न २ लाखांवर गेलं की दर हजारामागे ५० डॉलर कापले जातात. ३५ हजार जास्त, म्हणजे १,७५० ची कपात. दोन मुलांचे ४,४०० त्यांच्याकडे गेले की २,६५० होतात. तुमच्याकडे राहिले तर पूर्ण ४,४००.

आपल्या आयटीतल्या लोकांच्या घटस्फोटांत हे मी इतक्यांदा पाहतो की आता आश्चर्य वाटत नाही. वकिलांना तासाला काहीशे डॉलर देऊन दोघं ‘मुलं कोणाची’ हे ठरवत बसतात, आणि पगार ज्याचा २ लाख ४४ हजारांच्या पुढे त्याला एका मुलाचं क्रेडिट मिळतच नाही, शून्य होतं. करारनामा लिहिताना हा हिशोब कोणी मांडलेला नसतो. कित्येक जुन्या मसुद्यांत अजून ‘एक्झेम्प्शन’ (मुलामागे उत्पन्नातून मिळणारी जुनी वजावट) कोणी घ्यायचं असं लिहिलेलं असतं आणि ते एक्झेम्प्शन २०१८ पासून शून्य आहे. (बाबांनी पुन्हा लग्न केलं आणि नव्या पत्नीबरोबर जॉइंट फाइल केलं, तर २ लाखांची मर्यादा ४ लाखांची होते आणि चित्र उलटतं. तेही लक्षात ठेवा.)

आता कोर्टाची बाजू. करारनाम्याप्रमाणे २०२५ विषम वर्ष, म्हणजे बाबांचं. तुम्ही ‘आयआरएस माझ्या बाजूने आहे’ म्हणून मुलं घेतलीत आणि अट त्यांनी पाळलेली असेल, तर ते सुपीरियर कोर्टाच्या फॅमिली पार्टमध्ये हुकमाची अंमलबजावणी मागणारा अर्ज लावू शकतात. न्यायाधीश तुम्हाला फॉर्मवर सही करायला सांगू शकतात, बुडालेली रक्कम आणि त्यांच्या वकिलाची फी तुमच्याकडून भरून देववू शकतात. आयआरएसपुढे जिंकून कोर्टात हरणारे लोक असतात.

पण अट ‘३१ डिसेंबरला थकबाकी नसेल तर’ अशी आहे आणि नोव्हेंबरचा हप्ता जानेवारीत आला. शब्दशः वाचलं तर अट मोडली. सपोर्ट प्रोबेशनमार्फत (सपोर्ट वसूल करणाऱ्या कोर्टाच्या खात्यामार्फत) जात असेल तर त्यांच्याकडून खात्याचा उतारा मागवा, त्यात तारखा सरळ दिसतात. थेट बँकेतून येत असेल तर तुमचं स्टेटमेंट पुरेसं. तो उतारा आणि करारनाम्याचं ते एक पान घेऊन वकिलाचा अर्धा तास विकत घ्या, पूर्ण केस नको. एकच प्रश्न विचारा: एका महिन्याचा उशीर झाला तर इथले न्यायाधीश ही अट कशी वाचतात?

वकील म्हणाले की अट मोडली, तर दोन्ही मुलं, हेड ऑफ हाऊसहोल्ड आणि आफ्टरकेअरचं क्रेडिट असं सगळं लावून रिटर्न भरा. वकील म्हणाले की कोर्ट एवढ्या उशिराला माफ करेल, तर ८३३२ वर सही करून द्या, पण हेड ऑफ हाऊसहोल्ड आणि मुलीच्या आफ्टरकेअरचं क्रेडिट स्वतःकडे ठेवा. मुलगी १३ वर्षांखालची असल्यामुळे खर्चापैकी ३,००० पर्यंतची रक्कम धरतात आणि तुमच्या उत्पन्नाला २० टक्के मिळतात, म्हणजे ६०० डॉलर. मुलगा चौदाचा, तो यात येत नाही. बाबांनी नोकरीतून डिपेंडंट केअरच्या खात्यात ५,००० डॉलर करमुक्त वळवले असतील तर तीही त्यांची अडचण आहे. ती सवलत कस्टोडियल पालकाचीच असते, आणि ८३३२ ने तीही बदलत नाही.

दोन्ही मार्गांनी तुमचं रिटर्न ई-फाइल होऊ शकतं. पूर्वी मुलाचा नंबर आधी कोणी वापरला असेल तर दुसऱ्याला कागदी रिटर्न पोस्टाने पाठवून महिनोन्‌महिने थांबावं लागे. २०२५ च्या फाइलिंग सीझनपासून आयआरएस असं दुसरं रिटर्नही ई-फाइलने घेतं, फक्त भरणाऱ्याने स्वतःचा आयपी पिन (ओळख पटवणारा नंबर) टाकावा लागतो. हा सहा आकडी नंबर आयआरएसच्या वेबसाइटवर खातं उघडून मिळतो आणि दरवर्षी बदलतो. मुलांच्या नावानेही आयपी पिन घेता येतो. तो घेतला की पिन माहीत नसलेल्या माणसाला मुलांच्या नंबरवर ई-फाइल करता येत नाही. पण करारनाम्याप्रमाणे पुढचं विषम वर्ष खरोखर बाबांचं असेल तर तो पिन त्यांना द्यावा लागेल, नाहीतर उद्याचं भांडण आजच पेरलंत. १५ एप्रिलपर्यंत जमत नसेल तर फॉर्म ४८६८ ने १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते. ती रिटर्न भरायची मुदत आहे, कर भरायची नाही.

पुढे काय होतं तेही सांगतो, कारण ही वाट बघण्याची महिन्यांची भानगड लोकांची झोप उडवते. दोन रिटर्नवर एकच नंबर दिसला की काही महिन्यांनी दोघांनाही सीपी८७ए नावाची नोटीस येते. त्यात लिहिलेलं असतं की हे मूल आणखी कोणीतरी क्लेम केलंय, तुमचं चूक असेल तर १०४०-एक्स भरून दुरुस्त करा, बरोबर असेल तर काही करू नका. काही करू नका म्हणजे खरंच काही करू नका. फोन करून ‘समोरच्याने खोटं लिहिलंय’ सांगायचा मोह होतो. आयआरएस दुसऱ्याच्या रिटर्नबद्दल तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही. कोणीच माघार घेतली नाही तर पोस्टाने चालणारी तपासणी होते आणि फॉर्म ८८६-एच-डीईपी प्रमाणे कागद मागतात. शाळेचं पत्र, बालरोगतज्ज्ञांच्या नोंदी, आफ्टरकेअरचं पत्र, आणि प्रत्येकावर मुलाचं नाव, तुमचा पत्ता आणि २०२५ च्या तारखा हव्यात. मुलांची ने-आण ठरवणारे व्हॉट्सॲप संदेश, पुण्याची विमानाची तिकिटं आणि बोर्डिंग पास आत्ताच एका फोल्डरमध्ये ठेवा. मावशीचं किंवा शेजारणीचं पत्र तेवढ्या वजनाचं नसतं.

तपासणीत तुमच्याविरुद्ध निर्णय लागला तर शेवटी नोटीस ऑफ डेफिशियन्सी (एवढा कर कमी भरलाय असं सांगणारी अधिकृत नोटीस) येते. तीवर ९० दिवसांत टॅक्स कोर्टात जाता येतं, फी ६० डॉलर, आणि वर्षाला ५० हजारांच्या आतल्या वादांसाठी सोपी प्रक्रिया आहे. नोटीस अमेरिकेबाहेरच्या पत्त्यावर पाठवली असेल तर १५० दिवस मिळतात. घटस्फोटानंतर पुण्याला परत गेलेल्यांनी ते ध्यानात ठेवावं. तुमचे कागद पाहता तुमच्यावर ही वेळ यायचं कारण दिसत नाही.

बाबांना मात्र हे कळवण्यात अर्थ आहे. त्यांना वाचवलेला कर परत भरावा लागेल, त्यावर व्याज, आणि २० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. शिवाय चाईल्ड टॅक्स क्रेडिट नियमांकडे बेपर्वाईने दुर्लक्ष करून घेतलं असं ठरलं तर पुढची दोन वर्षं ते क्रेडिट बंद, लबाडी ठरली तर दहा वर्षं. हे धमकी म्हणून लिहू नका. ईमेलमध्ये दोन ओळी पुरेत: हेड ऑफ हाऊसहोल्ड तुम्हाला लागू नाही, आयआरएसची नोटीस येण्याआधी १०४०-एक्स भरलंत तर दंडाची शक्यता कमी होते. तेवढं वाचून बहुतेक माणसं आपल्या कर सल्लागाराला फोन करतात.

त्याच ईमेलमध्ये दुसरा प्रस्ताव मांडा, कारण तुमच्या घरात खरा पैसा तिथेच आहे. दोन्ही मुलांचं क्रेडिट दरवर्षी तुम्हीच घ्या, ४,४०० डॉलर. विषम वर्षी त्यांना मिळाले असते ते २,६५० त्यांना द्या, आणि वरचे १,७५० दोघांत वाटा. ते ३,५२५ घेतील, तुम्हाला ८७५ उरतील, आणि कोणाचंच नुकसान नाही. हे तोंडी ठरवू नका. वकिलाकडून एक पानाचा संमतीचा हुकूम करून घ्या, आणि त्यांचा पगार किंवा लग्नाची स्थिती बदलली तर हिशोब परत करायचा असं त्यात लिहा. मुलगा १७ चा होईल त्या वर्षापासून त्याचं २,२०० चं क्रेडिट संपून ५०० च राहील, तेही लिहा.

कॉलेजबद्दल एक. फी बाबांनी भरली तरी अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट, वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत, मुलगा ज्याच्या रिटर्नवर डिपेंडंट आहे त्यालाच मिळतं, आणि एकट्याने फाइल करणाऱ्याला ते ८० हजारांनंतर कमी होत ९० हजारांना संपतं. म्हणजे बाबांच्या पगारावर ते मिळणारच नाही. मुलगा कॉलेजला जाईल तेव्हा तो तुमच्या रिटर्नवर असणं दोघांच्या फायद्याचं. दवाखान्याचा खर्च मात्र ज्याने केला त्याने धरायचा, मूल कोणीही क्लेम केलेलं असो.

प्रश्न वाचून ज्यांचं मूल आईकडे पुण्यात किंवा नागपुरात आहे आणि स्वतः इथे आहेत असे वडील मला वेगळं विचारतील, म्हणून त्यांच्यासाठी इथेच. मूल अमेरिकन नागरिक असेल, त्याच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर असेल आणि त्याचा निम्म्याहून जास्त खर्च आईवडील मिळून करत असतील, तर आईने सही केलेल्या ८३३२ वर चाईल्ड टॅक्स क्रेडिट मिळू शकतं. हेड ऑफ हाऊसहोल्ड मिळत नाही. मूल अमेरिकन नागरिक नसेल आणि भारतात राहत असेल, तर काहीच नाही, कितीही पैसे पाठवलेत तरी. भारतातल्या फॅमिली कोर्टात परस्पर संमतीच्या घटस्फोटात ज्या कन्सेंट टर्म्स लिहिल्या जातात त्यांत ताबा, पोटगी, फ्लॅट सगळं असतं, पण या फॉर्मबद्दल एक ओळ नसते. तिथल्या वकिलांचा दोष नाही. भारताच्या करात मुलामागे असं क्रेडिटच नाही, उलट तिथल्या आयकर कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलाचं उत्पन्न, आईबापांचा घटस्फोट झाला असेल तर, त्याला सांभाळणाऱ्या पालकाच्या उत्पन्नात मिळवतात. तिकडे कोणी मूल आपल्या रिटर्नवर घ्यायला भांडत नाही. तेव्हा एक बाजू अमेरिकेत असेल तर मसुदा होतानाच ती ओळ घालून घ्या.

सही करायचीच वेळ आली तर कशी करायची ते नीट वाचा. फॉर्मचा भाग १ हा चालू वर्षासाठी आहे, भाग २ पुढच्या वर्षांसाठी. भाग २ मध्ये ‘सर्व पुढील वर्षं’ असं लिहून देणाऱ्या आया मी पाहिल्यात, बहुतेक वेळा मध्यस्थाच्या ऑफिसात, दिवसाच्या शेवटी, कंटाळून. भाग ३ भरून ते मागे घेता येतं, पण मागे घेतल्याची प्रत समोरच्याला ज्या वर्षी दिलीत त्याच्या पुढच्या वर्षापासूनच ते लागू होतं. म्हणजे २०२६ मध्ये दिलीत तर २०२७ च्या रिटर्नपासून. आणि ८३३२ मध्ये ‘सपोर्ट भरला तर’ अशी अट घालता येत नाही, सही झाली की ती बिनशर्त असते. म्हणून अट तुमच्या हातात ठेवायची असेल तर दर विषम वर्ष संपल्यावर, जानेवारीत, सपोर्टचा उतारा बघून, फक्त भाग १, फक्त त्या एका वर्षासाठी, प्रत्येक मुलाचा वेगळा फॉर्म. सही केलेल्या फॉर्मची प्रत आणि तो पाठवल्याचा ईमेल शाळेच्या पत्रांच्याच फोल्डरमध्ये ठेवा.